चार नंबरची गादी

धुरपताबाईला ढेकूण आणायला सांगायचं कसं, या विचारात ज्योत्स्नाचे दोन दिवस गेले.

धुरपताबाई होस्टेलच्या स्वयंपाकाला रोज सकाळी रेणापूरहून यायची. तिला भाजीत मीठ जास्त झालं म्हणता यायचं, भाकरी करपली म्हणता यायचं, एवढंच काय, उद्या लवकर ये असंही म्हणता यायचं. पण तुझ्या घरी ढेकूण असतील, त्यातले थोडे घेऊन ये, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? तिसऱ्या दिवशी दोघी तांदूळ निवडत बसल्या होत्या, तेव्हा ज्योत्स्नानं लांबून सुरुवात केली.

"धुरपताबाई, तुमच्याकडं जुनी बाज आहे का हो?"

"हाय की. सासऱ्याची. का?"

"तिच्यात काही असतं का?"

"काय असतं म्हंजे?"

"ढेकूण."

धुरपताबाईनं सूप खाली ठेवलं. "आमच्यात न्हाईत."

"बरं."

मग धुरपताबाई म्हणाली, "कोण म्हणलं आमच्यात हायत म्हणून?"

"कुणी नाही हो. मला हवे होते. औषध कधी न मारलेले."

"हवे होते?" धुरपताबाईनं ज्योत्स्नाच्या तोंडाकडं नीट पाहून घेतलं. बाई शुद्धीवर आहे याची खात्री पटल्यावर तिनं सूप परत उचललं आणि हळूच विचारलं, "किती?"

लातुरातल्या ट्यूशन एरियात, एका बोळाच्या तोंडाशी ज्योत्स्नाचं होस्टेल होतं. सहा खोल्या, खोलीत तीन पोरी, वर गच्ची. नवरा एसटीत, नांदेड डेपोला, आठवड्यातून एकदा पाहुण्यासारखा येणारा. होस्टेलचा सगळा बोजा हिच्यावर. अठरा पोरींचं खाणं, अठरा पोरींचं दुखणंखुपणं, अठरा पोरींच्या बापांचे फोन. बोळात अशी बावीस होस्टेलं. कुणाकडं गरम पाणी, कुणाकडं इन्व्हर्टर, कुणाकडं कॅमेरे. ज्योत्स्नाकडं गादी होती.

झालं असं, की २०११ साली चार नंबरच्या खोलीतली एक पोरगी सरकारी मेडिकलला लागली. जाताना तिनं आपली गादी नेली नाही. म्हणाली, "मावशी, माझ्यामागून येणारीला द्या." चांगली जाडजूड, कापसाची, घरून आणलेली. पुढच्या साली त्या गादीवर झोपणारीही लागली. झालं. दोन निकाल म्हणजे योगायोग, असं म्हणणारं माणूस जून महिन्यात लातुरात सापडत नाही. तिसऱ्या वर्षापासून आईबाप खोली बघायच्या आधी गादी बघायला लागले. ज्योत्स्ना दरवर्षी ती नव्या पोरीला द्यायची. पोरगी ज्या खोलीत, गादी त्या खोलीत. नाव मात्र 'चार नंबरची गादी' हेच राहिलं.

ज्योत्स्नाच्या बापानं, लिंबाजीनं, घरातले देव कधीच विहिरीत सोडले होते. हिच्याही भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, आणि होस्टेल चालायचं गादीच्या पायगुणावर. हे तिला बोचायचं. जूनमध्ये मात्र बोचायचं नाही.

गादी कुणाला द्यायची, हे ती पहिले पंधरा दिवस बघून ठरवायची. पहाटे पाचला ज्या खोलीतला दिवा लागलेला दिसेल, तिथली पोरगी. मग गुण गादीचा की पोरीचा? हा प्रश्न तिला पडला नव्हता असं नाही. पण ज्याचं उत्तर आपल्याला ठाऊक असतं, तो प्रश्न कोण कशाला मोठ्यानं विचारील.

या वर्षी गादी आलियाकडं होती. खोलीही नेमकी चारच नंबरची.

आलिया किनवटची. बापाचं स्टेशनजवळ शिलाईचं दुकान. दोनदा परीक्षा देऊन झालेली, ही तिसरी. घरी तिनंच सांगून टाकलं होतं, ही शेवटची. मे महिन्याच्या पहिल्या रविवारी पेपर, आणि आता एप्रिलचा दुसरा आठवडा. सराव परीक्षेचे तिचे मार्क जानेवारीत पाचशे चाळीस होते, फेब्रुवारीत पाचशे दहा, मार्चमध्ये चारशे सत्तर. अभ्यास तोच, डोकं तेच. झोप तेवढी नव्हती. दोन्ही हातांवर, मानेवर, मण्यांची माळ ठेवल्यासारख्या ओळीनं लाल गांधी. वर्गात बसल्या बसल्या डुलकी लागून राहिली आणि गादीवर पडलं की डोळा उघडून राहिला, असं तिनंच मावशीला सांगितलं. तिच्या शेजारच्या खाटेवरच्या नाझनीनलाही ते तेवढेच चावत असणार, पण तिच्या अंगावर एक ठिपका उठत नव्हता. ती म्हणायची, "ढेकूण-बिकूण काही नाहीत गं. टेन्शन आहे तुला."

ढेकूण होते. जिलानीभाई गेली सात वर्षं सालातून दोनदा येऊन फवारून जायचा, तरी होते. पहिली एकदोन वर्षं फवारलं की सहा महिने निवांत जायचे. मग चार महिने, मग दोन. या मार्चमध्ये फवारलं आणि आठव्या दिवशी आलियाच्या मानेवर नवी माळ.

जिलानीभाईचा बाप पिंजारी. खांद्यावर धनुकली टाकून गल्लोगल्ली गाद्या पिंजत फिरायचा. जिलानीभाईनं पुढं मशीन घेतलं, दुकान टाकलं. मग फोमच्या गाद्या आल्या. फोम कोण पिंजून घेणार? मशीनवर फडकं टाकून त्यानं पाठीवर फवाऱ्याचा पंप घेतला. गाद्यांशी नातं तुटलं नाही एवढंच.

ज्योत्स्नानं त्याला बोलावून झापलं. तो पंप खाली ठेवून म्हणाला, "ताई, आता मी काय करू? दवाईच नकली येऊन राहिली बाजारात."

मग पंपाची नळी पुसत म्हणाला, "नाहीतर ह्यांना सवय झाली असंल. पहिल्या साली वासानंच मरायचे. आता पिऊन राहिले."

आलिया दारात उभी होती. डोळ्यांखाली काळं, हातात पुस्तक. ती म्हणाली, "चाचा, नकली की असली ते आपण बघू. मावशी, औषध कधीच न बघितलेले ढेकूण कुठं मिळतील?"

म्हणून धुरपताबाई.

तिनं आणले. काडीपेटीतून, वर दोरा गुंडाळून, आणि पदराआड लपवून, जसं काही सोनं आणलंय. "अकरा हायत," ती म्हणाली. "बसमधी कुणाला कळलं असतं तर मला उतरवलं असतं खाली."

लोणच्याच्या दोन रिकाम्या बरण्या धुऊन, वाळवून ठेवल्या होत्या. आलियानं दोन्हींच्या तळाशी जिलानीभाईच्या पंपातलं औषध लावलेला कागद घातला. एका बरणीत रेणापूरचे अकरा. दुसरीत तिनं स्वतःच्या खाटेच्या सांध्यातून चिमट्यानं काढलेले बारा. वर तलम कापड बांधलं. सकाळचे नऊ वाजले होते. अंगणात बरण्यांभोवती हळूहळू निम्मं होस्टेल जमलं. पोरी पैजा लावायच्या बेतात होत्या, ज्योत्स्नानं डोळे वटारले.

दुपारी बाराच्या आत रेणापूरचे सगळे उताणे झाले.

"आमचे मेले?" धुरपताबाईनं वाकून पाहिलं. घरात ढेकूण असल्याची लाज आता कुठल्या कुठं गेली होती. "गरीब होते बिचारे."

दुसऱ्या बरणीत दोघे पाय झाडत पडले होते. बाकीचे दहा कागदावरून फिरत होते. बाजार बघायला निघाल्यासारखे, सावकाश.

"दवाई असली आहे, चाचा," आलिया म्हणाली.

जिलानीभाईला एका परीनं बरं वाटलं. "मग सवयच झाली म्हण ह्यांना."

"सवय एकाच जिवाला लागते, चाचा. तुम्हाला तंबाखूची लागली तशी. ह्या बरणीतला एक तरी ढेकूण तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा होता का? दीड वर्षाच्या वर कोणी जगत नाही ह्यांच्यात. हे सगळे नंतर जन्मले. ह्यांना कशाची सवय?" बोलताना तिची झोप उडाली होती. "तुम्ही पहिल्यांदा मारलं तेव्हा समजा हजार होते. सगळे सारखे नसतात. अठरा पोरी तरी कुठं सारख्या आहेत? एखाद्याची कातडी जन्मापासून जरा जाड, एखाद्याच्या पोटात विष लवकर जिरतं. औषध यायच्या आधीपासूनच तसे. हुशार म्हणून नाही. तसे निघाले, बस. हजारातले नऊशे नव्वद मेले, हे दहा उरले. आता सगळी खोली ह्या दहांची. पोरं झाली ती ह्यांचीच, आणि बरीचशी ह्यांच्यासारखीच. सहा महिन्यांनी तुम्ही परत आलात."

"परत मारलं."

"परत त्यातले जे पक्के, ते उरले. वर्षाला चार-पाच पिढ्या धरा. सात वर्षांत तीस-पस्तीस होतात. माणसाच्या तितक्या पिढ्या मागं गेलं तर देवगिरीला यादव सापडतील. एवढ्या काळात चाळणी एकच, तुमच्या पंपाची."

जिलानीभाईनं पंपाकडं पाहिलं. "म्हणजे सात वर्षं मी ढेकूण पाळून राहिलो."

"पाळले कशाला? निवडून दिले."

"निवडायचं काम ट्यूशनवाल्यांचं," जिलानीभाई म्हणाला, "मला कुठं लावलं."

पोरी हसल्या. ज्योत्स्ना हसली नाही. तिच्या डोक्यात दुसरंच आलं होतं. दरवर्षी खोली फवारताना ती गादी बाहेर काढून गच्चीवर टाकायची, वासानं खराब होऊ नये म्हणून. वरवर पंपाचा एक हात मारला तर मारला. आणि जूनमध्ये नव्या पोरीबरोबर नव्या खोलीत. जे ढेकूण खोलीखोलीतून वाचून गादीच्या पोटात शिरले, त्यांना तिनं स्वतः उचलून, हार-तुरे घालायचेच काय ते बाकी ठेवून, घरोघर नांदायला नेलं होतं. सहाही खोल्या झाल्या होत्या.

"याहून कडक औषध आहे माझ्याजवळ," जिलानीभाई म्हणाला.

"त्यातूनही जे उरतील ते उरतील," आलिया म्हणाली. "आणि आम्ही खोकत बसू. पेपरला वीस दिवस राहिले, चाचा."

धुरपताबाई मेलेले आपले अकरा मोजून घेत होती. त्यातच ज्योत्स्ना म्हणाली, "पत्र्यात ढेकूण नव्हते."

"कुठल्या पत्र्यात?"

"भूकंपानंतरच्या."

त्र्याण्णवच्या भूकंपानंतर तिच्या माहेरच्या गावाला पत्र्याची शेडं मिळाली होती. पहिला उन्हाळा तिला आठवत होता. दुपारी आत पाऊल ठेवायची सोय नव्हती. माणसं लिंबाखाली, अंथरूण-पांघरूण आत, भाजत. त्या साली कुणी म्हणालं होतं, भूकंपात ढेकूणसुद्धा गाडले गेले बघा, एक दिसत नाही. लोक कडवट हसले होते. सगळ्यांच्या बाजा ढिगाऱ्यातूनच काढलेल्या, म्हणजे ढेकूण नक्की आले होते. पण पुढं ते कुठं गेले, हे विचारायला कुणाला सवड होती?

ते पत्रे तिच्याकडं अजून होते. बाप गेल्यावर गावातलं शेड मोडलं तेव्हा तिनं ते टेंपोत घालून आणले आणि गच्चीवर अडगळीची खोली केली. खिळ्यांची जुनी भोकं तशीच.

बरणीतले दहा, औषध लावलेला कागद काढून, साडेबाराला त्या खोलीत ठेवले आणि दार लावलं. अडीचला उघडलं, तेव्हा आतून भट्टीसारखी धग आली. बरणीत हालचाल नव्हती. आलियानं बरणी उलटीपालटी करून पाहिली, सावलीत नेली, अर्धा तास वाट पाहिली. एकही उठला नाही.

"विषाला पक्के निघाले, पण उन्हाला नाही," ती म्हणाली. "ह्या चाळणीतून ते कधी गेलेच नव्हते."

दुसऱ्या दिवसापासून होस्टेलात लगीनघाई सुरू झाली. खाटा अंगणात, सांध्यासांध्यात उकळतं पाणी. भिंतींच्या भेगा सिमेंटनं बंद. सहा सहा गाद्या रोज पत्र्यात, उलटून पालटून. फोमच्या गाद्या पातळ, लगेच तापायच्या. बोळातल्या इतर होस्टेलवाल्या बायका विचारायला लागल्या, काय चाललंय? ज्योत्स्नानं सांगितलं, वार्षिक सफाई.

राहिली ती एकच गादी. जिलानीभाईनं तिच्यावर हात दाबून पाहिला. बापाचा पोर होता, हाताला कळत होतं. "ताई, ही अशी नाही तापणार. कापूस दबून दगड झालाय. वरून भाजंल, पोटात गार राहील. उसवावी लागेल. कापूस उन्हात पसरायचा, पिंजायचा, मग परत भरायची. मशीन काढतो माझं."

आलिया एकदम म्हणाली, "उसवायची नाही."

"अगं, पण..."

"मावशी, बाकी काहीही करा. माझी खाट जाळा. ही गादी उसवू नका. पेपर झाल्यावर उसवा."

"पेपर होईपर्यंत झोपणार कशी तू?"

"बघीन."

"तूच सांगितलंस ना सगळं? बरण्या तू लावल्यास. यादवांपर्यंत तू गेलीस."

"ते ढेकणांचं आहे," आलिया म्हणाली. "मला माहिती आहे मावशी, गादीत काही नाही. सगळं माहिती आहे. पण अब्बांनी किनवटला सगळ्यांना सांगून ठेवलंय, आलियाला ती गादी मिळाली. उसवली आणि नाही लागले, तर मला जन्मभर वाटत राहील की..." तिनं वाक्य सोडून दिलं.

जिलानीभाई मशीन बघून येतो म्हणून सटकला. गच्चीवर दोघीच राहिल्या. पाण्याच्या टाकीची सावली होती तेवढ्यात बसल्या, आणि मधे ती गादी, गुंडाळून दोरीनं बांधलेली.

ज्योत्स्नाला रागवायचं होतं. तिनं रागवायला म्हणून हात वर केला, आणि तिचं लक्ष स्वतःच्याच मनगटावर गेलं. सकाळी गाद्या वाहताना कुणीतरी चावून गेलं होतं. तीन गांधी, ओळीनं. आलियाच्या हातावर होत्या, अगदी तशाच.

"तुलाही अशाच उठतात," ती म्हणाली. "नाझनीनला नाही."

"कातडीचा फरक असतो."

"मला एक विचारायचंय. तुमच्या पुस्तकातलंच आहे, समज." ज्योत्स्नानं पदर गुडघ्यांवर ओढून घेतला. "आमच्या घरी बाज होती, ढेकणांनी भरलेली. मी पंधराची, आनंदराज दहाचा. माझा भाऊ. मला चावलं की रात्रभर खाजवायचे. त्याला काहीच व्हायचं नाही. मी गोधडी घेऊन अंगणात झोपायचे, तो आत आईजवळ, बाजेवर. त्या रात्री आई म्हणाली, दव पडायला लागलंय, आत ये. मी गेले नाही. बाप शेतावर होता. पहाटे दगडाच्या भिंती आणि वरचं माळवद, सगळं खाली बसलं."

आलियानं गादीवरचा हात मागं घेतला.

"पंचवीस वर्षं लोक विचारतात, तू कशी वाचलीस. मी म्हणते, बाहेर झोपले होते. बाहेर का झोपले होते, ते कुणी विचारत नाही. विचारलं असतं तरी सांगितलं नसतं. ढेकणांमुळे म्हटलं असतं, तर मेलेल्या आईच्या घराला नावं ठेवल्यासारखं झालं असतं." तिनं आलियाकडं न बघता विचारलं, "त्या दिवशी तू सांगितलंस, जे तसे निघाले ते उरले. मग मी पण निवडलेली का गं? ही कातडी होती म्हणून? आणि त्याची नव्हती म्हणून तो..."

आलियानं चष्मा काढून ओढणीला पुसला. पेपरातला अवघड प्रश्न आल्यावर ती असंच करायची.

"गावात आणखी कोण कोण वाचलं?"

"बरेच. मलप्पा वाचला. पिऊन आला होता, बायकोनं घरात घेतलं नाही."

"त्याला ढेकूण चावायचे?"

"त्याला विंचू चावला असता तरी कळलं नसतं."

"आणि कुणी?"

"शेताच्या राखणीला गेलेले. आमची शेळी. माझ्याजवळच बांधलेली होती."

"आणि तुमच्यासारख्या गांधी उठणारं, पण आत झोपलेलं कुणी होतं?"

ज्योत्स्नाला वेळ लागला. "मावशी होती माझी. आईची बहीण. तिच्या तर माझ्याहून मोठ्या उठायच्या. पण ती आतच झोपायची. अंधाराला भ्यायची. ती गेली."

"मग नाही, मावशी," आलिया म्हणाली. "ह्यात निवड नाही. खाज येणारी मावशी गेली, खाज न येणारा मलप्पा राहिला, शेळी राहिली. जाणाऱ्यांत नि राहणाऱ्यांत असा काहीच धागा नाही. दरवर्षी तसाच भूकंप आला असता, पिढ्यान् पिढ्या, आणि दर वेळी खाजवणारेच जास्त वाचले असते, तर आज सगळं गाव खाजवणारं असतं. तो एकदाच आला. तुमच्या कातडीकडं त्यानं बघितलं नाही. आनंदराजच्या कातडीकडंही नाही. कुणाकडंच नाही."

"आणि ढेकणांकडं कोण बघत होतं?"

"तिथंही कुणी नाही. जिलानीचाचा फक्त पंप मारून राहिले होते. पण दर वेळी तेच विष, दर वेळी तोच फरक कामाला आला, आणि तोच पोरांत उतरला. म्हणून वाटतं, कुणी मुद्दाम निवडलं." टाकीची सावली थोडी सरकली होती, गादीचं एक टोक उन्हात गेलं होतं.

"शेळीचं पुढं काय झालं?" तिनं विचारलं.

"दोन करडं दिली. पत्र्यातच."

आलियानं मान हलवली. बऱ्याच वेळानं ती उठली, खाली गेली आणि वर आली ती पेन्सिल तासायचं ब्लेड घेऊन. गादीची दोरी तिनंच सोडली. शिवण कुठून सुरू झाली हे शिंप्याच्या पोरीला शोधावं लागत नाही.

कापूस पिवळा पडला होता. शिवणीच्या कडेनं काळे ठिपके, खसखस सांडल्यासारखे, आणि त्यांच्यात धावपळ उडालेली. पण कापसाच्या पोटातून आणखीही काही निघालं. घड्या केलेले कागद. एक, दोन, मग आणखी. आलियानं उलगडले. हॉल तिकिटं. प्रत्येक पोरीनं जाताना आपलं तिकीट शिवणीतून आत सरकवून ठेवलं होतं, पुढच्या पोरीला सांगून, मावशीला न सांगता.

"मला गेल्या सालच्या पोरीचा निरोप नाझनीननं दिला होता, पेपर झाला की टाकायचं असतं," आलिया म्हणाली. तिनं कागद मांडीवर ओळीनं लावले. "सात आहेत."

होस्टेलच्या तोंडी चारच नावं होती. आईबापांना ज्योत्स्ना चारच नावं सांगायची, आणि मधल्या वर्षांचं कुणी विचारलं तर म्हणायची, त्या साली गादी तशीच पडून होती. तिनं उरलेली तीन तिकिटं हातात घेतली. एकावर पंचशीला नावाच्या पोरीचा फोटो. जळकोटची. पहाटे चारला उठायची, पाचला नव्हे. निकालाच्या दिवशी तिनं रडून न घेता गादीची चादर धुऊन, वाळवून, घडी करून ठेवली होती. आता नांदेडला नर्स आहे, दर दिवाळीला फोन करते.

"ह्या तिघींचं तुम्ही कधी बोलला नाहीत," आलिया म्हणाली. तिच्या आवाजात आरोप नव्हता. बरणी बघताना होता तसाच आवाज.

"नाही बोलले," ज्योत्स्ना म्हणाली. आणि मग, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, "पहाटेचा दिवा बघूनच देत होते गं मी गादी. चारजणी लागल्या त्यात नवल ते काय."

कापूस दोन दिवस पत्र्यात पातळ पसरून भाजला. जिलानीभाईनं मशीनवरचं फडकं काढलं. मशीन कुरकुरलं, मग चाललं. त्याच्या केसांवर, भुवयांवर कापूस बसला, आणि धुरपताबाई म्हणाली, "आता कसा बापासारखा दिसतो." नवी खोळ आलियानंच शिवली. तिकिटं ज्योत्स्नानं बाबासाहेबांच्या फोटोमागं ठेवली. सातही.

गादी भरून आली तरी तिनं ती लगेच आलियाला दिली नाही. "आधी मी झोपते," ती म्हणाली. "माझ्याइतकं लवकर कुणालाच कळायचं नाही."

शनिवारी ती चार नंबरच्या खोलीत झोपली, बाह्या वर करून, आणि आलिया खाली मावशीच्या खोलीत. सकाळी आलिया चष्मा लावून आली. मावशीला खिडकीशी उभं करून मनगटापासून कोपरापर्यंत, कोपरापासून खांद्यापर्यंत हात तपासले. मान बघितली. पोटऱ्या बघितल्या. ज्योत्स्ना लहान मुलीसारखी वळत राहिली.

"जुन्या तीनच," आलिया म्हणाली. "नवी एकही नाही."

"उद्या परत बघू. एखादा राहिला असंल कुठं भेगेत."

"असंल. पण आज नाही चावणार," असं म्हणून आलिया नुसतं बघावं म्हणून गादीवर आडवी झाली. तेव्हा साडेनऊ वाजले होते. दहाला ज्योत्स्नानं तिचा चष्मा काढून खिडकीत ठेवला.

एक वाजला, दीड वाजला, तरी ती उठली नाही. कुशीवरही वळली नाही. दोनला टेस्ट होती. नाझनीन पाठीला दप्तर लावून आली तर दारात मावशी, मांडीत ताट घेऊन शेंगा सोलत बसलेली.

"मावशी, टेस्ट आहे तिची!"

"असू दे."

"रँक जाईल खाली."

"जाऊ दे. पेपर दोन आठवड्यांनी आहे. आज झोपू दे."

नाझनीननं मावशीच्या खांद्यावरून आत डोकावून पाहिलं. आलियाचा हात खाटेबाहेर लोंबत होता. त्यावरच्या माळा आता तपकिरी पडल्या होत्या, मिटायला आल्या होत्या.

"एवढं काय होतं त्यात, मला कळत नाही," नाझनीन म्हणाली. "मला तर कधी एकसुद्धा चावला नाही."

ज्योत्स्नाचा हात शेंगेवर थांबला. आनंदराज रोज सकाळी बाजेवरून उठला की हेच म्हणायचा, अगदी हेच, वर तिला वेडावून दाखवायचा.

"चावतात गं," ती म्हणाली. "तुला कळत नाही एवढंच." आणि नाझनीनच्या दप्तराची उघडी राहिलेली चेन लावून तिनं तिला पाठवून दिलं.